सत्तर भागांची मालकी

एखाद्या कारखान्याचे सत्तर भाग आपले आणि तीस भाग परक्याचे असले, म्हणजे कारखाना आपला, असे साधे अंकगणित सांगते. मलेशियाने १९८३ साली मोटारींचा कारखाना काढला, तो याच अंकगणितावर विसंबून. श्रोतेहो, आज मी आपणांस त्या कारखान्याची, म्हणजे 'प्रोटॉन'ची, हकिगत सांगणार आहे.

रबर व कथील विकून पोट भरणारा हा देश १९५७ साली स्वतंत्र झाला. १९६९ च्या मे महिन्यात क्वालालंपूर शहरात मलायी व चिनी समाजांत भीषण दंगल उसळली. व्यापार-उदीम बहुतांशी चिनी व परदेशी लोकांच्या हाती आणि मलायी शेतकरी दरिद्री, हे त्या दंगलीचे एक मूळ होते. म्हणून १९७१ पासून सरकारने मलायी लोकांना उद्योगधंद्यांत वर आणण्याचे धोरण आखले. या लोकांना तेथे 'बूमिपुत्रा' म्हणतात. शब्द आपलाच, भूमिपुत्र. समुद्र ओलांडून तो केव्हाच तिकडे स्थायिक झाला आहे.

मोटारी त्या देशात पूर्वीही तयार होत; परंतु त्या तयार होत म्हणण्यापेक्षा जोडल्या जात. परदेशांतून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि तेथील कामगार ते भाग एकत्र बसवायचे. १९८१ च्या जुलैत पंतप्रधान झालेले डॉ. महाथिर मोहमद यांना हे खटकत होते. पेशाने ते वैद्य. इंग्रजांकडे पाहणे पुरे झाले, आता जपानकडून शिकावे, हे त्यांचे 'पूर्वेकडे पाहा' धोरण १९८२ चे. त्यातूनच ७ मे १९८३ रोजी प्रोटॉनची स्थापना झाली. सत्तर टक्के भांडवल 'हिकॉम' या सरकारी महामंडळाचे. उरलेले मित्सुबिशीच्या दोन कंपन्यांचे, प्रत्येकी पंधरा टक्के. कारखाना उभा राहिला शाह आलम येथे. हे नाव ऐकून महादजी शिंद्यांच्या चरित्रातला दिल्लीचा बादशहा आठवेल. हे मात्र सेलांगोर राज्यातील एक नवे नगर आहे.

९ जुलै १९८५ रोजी पहिली गाडी बाहेर पडली. तिचे 'सागा' हे नाव एका निवृत्त सैनिकाने सुचविले होते. सागा म्हणजे एका झाडाचे तांबडे, तुकतुकीत बी. आपल्याकडे त्यालाच रतनगुंज म्हणतात आणि सोनार पूर्वी ते वजनासाठी वापरीत. त्याच वर्षी पिनांग बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा साडेतेरा किलोमीटरांचा पूल पुरा झाला, तेव्हा महाथिर त्यावरून राष्ट्रध्वज लावलेल्या सागा गाडीतून गेले. लोकांना अभिमान वाटला, आणि तो अस्थानी होता असे मी म्हणणार नाही. पण गाडीचा आराखडा मित्सुबिशीच्या लान्सर फिओरेचा होता आणि इंजिनही मित्सुबिशीचेच.

मुहूर्त काही लाभला नाही. १९८५ साली मलेशियात मंदी आली, गाड्यांचे गिऱ्हाईक ओसरले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात न्यूयॉर्क येथे पाच बड्या राष्ट्रांनी चलनांविषयी करार केला आणि येन महागू लागला. एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत, ते १९८७ अखेर १२० च्या आसपास आले. भाग जपानचे, त्यांची किंमत येनमध्ये, कर्जही येनमध्ये. प्रोटॉन तोट्यात बुडू लागली. मित्सुबिशीला मात्र भागांचे व तांत्रिक साहाय्याचे पैसे मिळतच होते. तीस टक्क्यांच्या भागीदाराचा तोटाही तीसच टक्के! अखेर १९८८ साली सरकारने मित्सुबिशीचेच केंजी इवाबुची यांना व्यवस्थापकीय संचालक नेमले. सत्तर भागांच्या मालकाने कारभाराच्या किल्ल्या पाहुण्याच्या हाती दिल्या. इवाबुचींनी कारखाना सावरला, हेही नमूद केले पाहिजे. १९८९ पासून गाड्या विलायतेतही विकल्या जाऊ लागल्या.

देशात तर प्रोटॉनचेच राज्य झाले. पण ते कशाच्या जोरावर? तिच्या आयात भागांना जकातीत सूट, इतरांवर जबर कर. दुसऱ्या कंपनीची गाडी घेणारा मलेशियन नागरिक या राष्ट्रीय स्वप्नाची वर्गणी निमूटपणे भरीत होता. अशी वर्गणी मागण्यास माझी हरकत नाही. परंतु तिच्या मोबदल्यात विद्या पदरात पडली काय, हे विचारलेच पाहिजे.

कोरियाची ह्युंदाई पाहा. तिच्या १९७५-७६ च्या 'पोनी' गाडीतही मित्सुबिशीचेच इंजिन होते. गुरू एकच. पण ह्युंदाईने १९९१ मध्ये स्वतः आखलेले इंजिन पुढे आणले. प्रोटॉनची १९९३ ची 'विरा' पुन्हा लान्सरवरच बेतलेली होती. शेजारच्या मुलाच्या पाटीवरून उत्तर उतरविणारा आणि गणित सोडविणारा, दोघांच्या वह्या शिक्षकाला काही काळ सारख्याच दिसतात. प्रोटॉनने १९९६ साली इंग्लंडची लोटस कंपनी विकत घेतली, २००० साली स्वतः आखलेली 'वाजा' काढली. पण तिच्यातही आरंभी इंजिन मित्सुबिशीचेच. स्वतःचे 'कॅम्प्रो' इंजिन २००४ मध्ये आले. त्याच सुमारास मित्सुबिशी भागीदारीतून बाहेर पडली आणि आग्नेय आशियाई देशांतील करार पाळण्यासाठी जकातीची भिंतही उतरवावी लागली.

मलेशियाचीच दुसरी कंपनी पेरोदुआ, १९९३ ची. तिने २००१ साली उत्पादनाच्या शाखेतले एक्कावन्न टक्के दाइहात्सू व मित्सुई या जपानी भागीदारांना देऊन टाकले. २००६ पासून विक्रीत ती प्रोटॉनच्या पुढे गेली. आपल्या मारुतीतही सुझुकीचे भाग आरंभी २६ टक्के होते, ते २००२ साली निम्म्याहून अधिक झाले आणि मारुतीचा धंदा वाढतच गेला. प्रोटॉनचे भाग २०१२ मध्ये सरकारी गुंतवणूक संस्थेकडून एका खाजगी उद्योगसमूहाकडे आले आणि २०१७ मध्ये त्यांपैकी ४९.९ टक्के चीनच्या गीली कंपनीने घेतले. २०१४ ते २०१६ या काळात प्रोटॉनचे अध्यक्ष राहिलेल्या महाथिरांनी त्याविषयी उघडपणे दुःख व्यक्त केले.

यावेळीही ५०.१ टक्के मलेशियाकडेच आहेत. १९८५ साली प्रोटॉनच्या चिन्हात राष्ट्रध्वजावरील चंद्रकोर आणि चौदा टोकांचा तारा होता. पुढे तेथे वाघाचे तोंड आले. २०१८ अखेर निघालेल्या 'एक्स सेव्हन्टी' गाडीवरही ते वाघाचे तोंडच आहे. आराखडा गीलीच्या 'बोयुए'चा आहे.