पटावरची नोंद आणि पटाबाहेरचा समाज

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे खलिते, आयोग आणि संस्थापकांची चरित्रे यांचाच आधार घेतला जातो. प्रत्येक शाळेच्या कपाटात पडून असलेल्या जनरल रजिस्टरकडे इतिहासकाराचे लक्ष जात नाही, कारण ते त्याला कारकुनी बाड वाटते. परंतु ज्या समाजाकडे सनदा नव्हत्या, बखरी नव्हत्या, घराण्याचे दप्तर नव्हते, त्या समाजाचे नाव सरकारी कागदावर जिथे लागले अशा मोजक्या जागांपैकी शाळेचा पट ही एक आहे. अनुक्रमांक, नाव, धर्म व जात, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा, एवढ्याच रकाने असलेल्या या वहीत आमचा किती इतिहास आला आणि किती बाहेर राहिला, हे तपासणे अगत्याचे आहे.

ही वही का जन्माला आली, ते आधी पाहू. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षणखाती निर्माण झाली आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण आले. अनुदान द्यायचे तर मुले मोजली पाहिजेत, तपासनीस पाठवला पाहिजे आणि तपासनिसापुढे वही ठेवली पाहिजे. मुंबई इलाख्यात काही काळ परीक्षेच्या निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत होती. म्हणजे मुलाची नोंद ही मुलासाठी झालेली नाही. ती पैशाच्या हिशेबासाठी झाली. हे मूळ ध्यानात ठेवले की पुढच्या दीडशे वर्षांतील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

खलित्यानंतर दोनच वर्षांनी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. फी भरायला तो तयार होता, तरीही सरकारी शाळेत त्याला प्रवेश नाकारण्यात आला होता. सरकारने न्याय त्याच्या बाजूचा आहे हे मान्य केले. पण एका मुलासाठी ती शाळा बाकीच्या साऱ्यांच्या दृष्टीने निरुपयोगी करावी काय, असा सवाल करून त्याला बाहेरच ठेवले. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे प्रकरण पुन्हा उजेडात आणले. त्यांच्या निवेदनात या मुलाचे नाव नाही. तो नुसता ‘एक महार मुलगा’ आहे. पटावर घेतला असता तर त्याला निदान नाव आणि अनुक्रमांक तरी मिळाला असता!

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले, तेव्हा त्यांनी सरकारला सरकारच्याच भाषेत, म्हणजे आकड्यांत, जाब विचारला. पुण्यात महारमांगांची वस्ती पाच हजारांवर, त्यांच्यासाठी शाळा एक आणि तिच्यातील हजेरी तीस मुलांहूनही कमी, ही स्थिती शिक्षणखात्याला भूषणावह नाही, असे त्यांनी बजावले. त्याच सुमाराची, १८८१-८२ ची, इलाख्याची आकडेवारी पाहा. प्राथमिक शाळांतील सुमारे तीन लाख बारा हजार मुलांत ‘हलक्या जातीं’ची मुले २,८६२. शेकडा एकसुद्धा नाही. इथून एक नवी गोष्ट सुरू झाली. अनुदानाच्या हिशेबासाठी ठेवलेली वही वंचितांच्या हाती पुरावा म्हणून आली.

या पुराव्याचा सर्वांत प्रखर उपयोग बाबासाहेबांनी केला. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत त्यांनी खात्याच्या अहवालांतील आकडे मांडले. शाळेत जाणारी मुले याच गतीने वाढली तर साऱ्या मुलग्यांना शाळेत आणायला चाळीस वर्षे आणि मुलींना आणायला तीनशे वर्षे लागतील, असा तो हिशेब होता. त्याहून भेदक मुद्दा पुढचा. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी दाखवून दिले. सरकार दाखल झालेल्यांची संख्या सांगून समाधान मानत होते. बाबासाहेबांनी टिकलेल्यांची संख्या विचारली. पुढे २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी १८५६ पासूनचा सारा हिशेब चुकता केला.

आता त्यांच्या स्वतःच्या नोंदीकडे वळू. साताऱ्याच्या त्यावेळच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आहे. अनुक्रमांक १९१४, तारीख ७ नोव्हेंबर १९००. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायचे ठरवले, हे योग्यच झाले. पण ती नोंद आपल्याला काय सांगते आणि काय सांगत नाही? मुलगा दाखल झाला, हे ती सांगते. तो घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता, तो गोणपाट शिवायला कुणी तयार नव्हते म्हणून रोज परत न्यावा लागत होता, शिपायाने पाणी वाढले तरच त्याला पाणी मिळत होते, हे कुठल्याच रकान्यात नाही. ते त्यांनी स्वतः लिहिले म्हणून आपल्याला कळले. हजेरीपटावर ‘हजर’ एवढाच शब्द असतो. वर्गात हजर की व्हरांड्यात हजर, हा रकाना कोणत्याही शिक्षणखात्याने कधी आखलेला नाही. रजिस्टर हा साक्षीदार खरा, पण अर्धवट बोलणारा.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, आणि घरातला पहिला पदवीधर आहे. जात पडताळणीच्या वेळी माझ्या आजोबांचा निर्गम उतारा शोधावा लागला, तेव्हा हे रजिस्टर मी प्रथम डोळ्यांनी पाहिले. जन्मतारीख एक जून. आमच्या वस्तीतल्या निम्म्या माणसांची जन्मतारीख एक जूनच आहे. गुरुजींनी पोराच्या उंचीवरून वर्ष ठरवायचे आणि तारीख शाळेच्या सोयीने टाकायची, असा तो रिवाज होता. जातीच्या रकान्यात ‘हिंदु महार’. आणि शाळा सोडल्याचे कारण : ‘सतत गैरहजर’. दुसऱ्या इयत्तेतले पोर पाटलाच्या गुरांमागे का गेले, हे विचारण्याची वहीला गरज भासली नाही. कारण व्यवस्थेचे आणि दोष मुलाचा, अशी ही नोंद आहे. ज्यांनी शाळा सोडली असे आपण म्हणतो, त्यांतील कित्येकांना शाळेने सोडले होते.

आणि आता हा विपर्यास पाहा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दावा करणाऱ्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणि राज्याच्या २००१ पासून अंमलात आलेल्या कायद्यानंतर पडताळणीचे तंत्र अधिक कडक झाले. खोटे दाखले रोखणे आवश्यकच आहे. त्या खोट्या दाखल्यांनी आमच्याच जागा खाल्ल्या. पण या पुराव्यात शाळेच्या नोंदीला मोठे वजन आहे. म्हणजे ज्याच्या आजोबाला शाळेच्या पायरीवर चढू दिले नाही, त्याच्याकडे आजोबाच्या शाळेचा दाखला मागायचा! ज्यांना नोंदीतून वगळले, त्यांनाच नोंद आणा म्हणायचे! मग माणसे महसुली दप्तरातील कोतवाल बुकाकडे, जन्ममृत्यूच्या उताऱ्याकडे धावतात, आणि तेथे पान फाटलेले किंवा वाळवीने खाल्लेले निघाले की तालुक्याच्या चकरा सुरू होतात.

धर्मांतरानंतर या रकान्याचा गुंता आणखी वाढला. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी हिंदु धर्म सोडला. पण शाळेच्या पटावर काय लिहायचे? ‘बौद्ध’ लिहिले तर केंद्राच्या सवलती जात होत्या, कारण बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश व्हायला १९९० साल उजाडले. म्हणून कित्येक बापांनी घरात बुद्धाची प्रतिमा लावली आणि मुलाच्या दाखल्यावर ‘हिंदु महार’ राहू दिले. कित्येकांनी सवलतीवर पाणी सोडून ‘बौद्ध’च लिहिले. या दोघांपैकी कोणालाही नावे ठेवण्याचा अधिकार त्यांच्या जागी न उभे राहिलेल्याला नाही. पोटासाठी स्वाभिमान गहाण ठेवायला लावणारा तो एक रकाना होता, एवढेच खरे.

आता वहीची जागा संगणकाने घेतली आहे. जिल्हा शैक्षणिक माहिती प्रणाली १९९४-९५ च्या सुमारास आली, २०१२-१३ पासून ती ‘यू-डायस’ म्हणून एकत्र झाली, महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘सरल’ आली, आणि २०२२-२३ पासून केंद्राकडे प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद जाऊ लागली. याला सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नाही. ऑक्टोबर २०११ मधील पटपडताळणीत मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, तेव्हा नसलेल्या मुलांच्या नावावर अनुदान आणि शिक्षकपदे लाटणाऱ्या संस्थांचे पितळ उघडे पडले. त्या संस्था कोणत्या वर्गाच्या हातात आहेत, हे वाचकांना सांगायला नको.

परंतु वहीचा जुना स्वभाव संगणकात शिरला आहे. संचमान्यता आधार-प्रमाणित पटावर होऊ लागली आणि ज्या मुलाचे आधार जुळत नाही ते वर्गात डोळ्यांपुढे बसलेले असूनही हिशेबातून गळू लागले. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल दुसऱ्या शाळेने पटावर घेईपर्यंत ‘ड्रॉप बॉक्स’ नावाच्या खणात पडून राहते. आजोबांच्या काळी ‘सतत गैरहजर’ होते, आता ‘ड्रॉप बॉक्स’ आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका वेलांटीचा फरक पडला तर अर्ज अडतो, हे मी दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहतो. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी, ज्यांत आता आपलीही मुलेमुली आहेत, फळ्यापेक्षा माहिती भरण्यात अधिक वेळ घालवतात. त्याची किंमत मोजतो तो त्या शाळेशिवाय दुसरा पर्याय नसलेला समाज.

कायदा याहून वेगळे सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाच्या पुराव्याअभावी किंवा दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. नोंद हे मुलाचे ओझे नाही, ती शासनाची जबाबदारी आहे, हा त्याचा अर्थ. हा अर्थ वस्तीवस्तीत पोचवणे हे आपले काम आहे.

दुसरे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे. जुनी रजिस्टरे गळक्या खोल्यांत नष्ट होत आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरुणांनी शाळाशाळांत जाऊन, परवानगी घेऊन, १९५० पूर्वीची पाने तपासावीत, त्यांची छायाचित्रे शाळेकडे सुरक्षित ठेवायला लावावीत आणि ‘कारण’ व ‘शेरा’ हे दोन रकाने विशेष काळजीने वाचावेत. मग वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन त्या रकान्यांत जे लिहिले नाही ते विचारून घ्यावे. ही माणसे आता थोडी उरली आहेत. फुले आणि बाबासाहेब यांनी सत्तेच्याच वह्यांतून सत्तेला जाब विचारला. तो वारसा चालवायचा तर आधी त्या वह्या वाळवीच्या तोंडून सोडवल्या पाहिजेत.