दुसरी आशा

आशा म्हटलं की आपल्या डोक्यात एकच आडनाव येतं, आणि त्यात गैर काही नाही. पण मुंबईतच जन्मलेली अजून एक आशा आहे. आशा पुथली. जन्म ४ फेब्रुवारी १९४५. घरातल्या ज्येष्ठ मंडळींना विचारलंत तर "कोण?" असंच उत्तर येईल. माझ्याकडेही तेच आलं. तिची गाणी न्यूयॉर्कच्या नाचघरांत वाजली, इटलीत ती सिनेमात दिसली, आणि तरीही गाण्यावर जीव टाकणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना ती जवळजवळ ठाऊक नाही. हे असं का झालं, त्याबद्दल आज थोडं.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली आर्त गायकी प्रेमाच्या गाण्यांत उतरली, ते सोल संगीत. साठच्या दशकात ते भरात होतं. नव्वदच्या दशकात काही तरुण गायक-गीतकारांनी हिपहॉपचा ठेका, जॅझचे स्वर आणि जुनं सोल एकत्र केलं. डीअँजेलोचा 'ब्राउन शुगर' १९९५ चा, एरिका बाडूचा 'बाडूइझम' फेब्रुवारी १९९७ चा. या प्रकाराला 'निओ-सोल' हे नाव रुळवलं केदार मॅसेनबर्ग या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने. (केदार ऐकून मलाही आनंद झाला होता, पण नाही, तो आपल्यापैकी नाही :) ) आवाज चढवायचा नाही, कानाशी येऊन बोलल्यासारखं गायचं, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळायचं, अशी साधारण या गाण्यांची चाल.

'बाडूइझम' नंतर साधारण दीड महिन्यात, मार्च १९९७ मध्ये, नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरचा 'लाइफ आफ्टर डेथ' आला. ९ मार्चला त्याचा खून झाला आणि २५ मार्चला अल्बम दुकानात. त्यातल्या एका गाण्याखाली आशा पुथलीच्या १९७६ सालच्या 'स्पेस टॉक' चा तुकडा वाजतो. तो अल्बम लाखो घरांत गेला. सोबत ही मुंबईची मुलगीही गेली, बहुतेकांना नाव न कळता.

आता मागे, मुंबईत. लहानपणापासून तिचं शिक्षण दुहेरी होतं, एकीकडे हिंदुस्थानी शास्त्रीय आणि दुसरीकडे ऑपेरा. आणि कान लागला जॅझकडे. त्या काळच्या चर्चगेटला हे सगळं मिळायचं. अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस' मध्ये ख्रिस पेरीचा बँड वाजायचा आणि लोर्ना गायची. हेच गोव्याचे वादक दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला असायचे. अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा ही मंडळी नसती तर आपली जुनी हिंदी गाणी बरीच वेगळी ऐकू आली असती. तेव्हा पाश्चात्य संगीत "आपलं नाही" हे मला फारसं पटत नाही. आमच्या भाईंदरहून बस पकडून उत्तनला जा, तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातलं लग्न बघा. ट्रम्पेट त्यांना परकं नाही.

१९६८ च्या सुमारास 'सॅव्हेजेस' या मुंबईच्या ग्रुपबरोबर तिची एक छोटी तबकडी निघाली. याच सुमारास वेद मेहता भारतात फिरत होते. लहानपणी दृष्टी गेलेला हा लेखक मुंबईच्या जॅझबद्दल लिहिताना या मुलीबद्दलही लिहून गेला. त्यांचं 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' १९७० साली आलं. म्हणजे तिची पहिली ठळक नोंद न्यूयॉर्कच्या एका लेखकाने केली, आणि तीही फक्त कानाने.

अमेरिकेला जायचं कसं? ती काही काळ विमान कंपनीत हवाई सुंदरी होती, मग मार्था ग्रॅहमच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळाली. नाचाच्या वाटेने गाण्यापर्यंत! न्यूयॉर्कमध्ये तिचा आवाज जॉन हॅमंडच्या कानावर गेला. बिली हॉलिडे, अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन यांना पुढे आणणारा हा माणूस. त्याच्यामुळे ती ऑर्नेट कोलमनपर्यंत पोचली आणि कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' (ध्वनिमुद्रण १९७१) मध्ये दोन गाणी गायली.

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या मते तिची खरी परीक्षा हीच होती. कोलमनच्या चाली सरळ कधी चालत नाहीत. मोठ्या उड्या, खाली ठराविक ठेक्याचा आधार नाही, आणि आजूबाजूला सॅक्सोफोन-ट्रम्पेट आपापल्या दिशेने ओढतायत. साध्या पॉप गायिकेचा यात बुडबुडा झाला असता. आशा मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाते. मींड! तंबोऱ्याशी बसून सूर पक्का केलेल्या गळ्याला आजूबाजूच्या गलक्यात स्वतःचा षड्ज सापडतो, असं मला ते ऐकताना दरवेळी वाटतं. शिवाय कुठेही 'भारतीयपणा' दाखवायला ती आलाप टाकत नाही. सतार आली की भारत आला, अशी फॅशन असलेल्या त्या काळात हे फार होतं.

पुढे सीबीएसबरोबर करार झाला. १९७३ चा 'आशा पुथली' लंडनच्या डेल न्यूमनने केला, त्यात जे.जे. केल आणि जॉर्ज हॅरिसन यांची गाणी तिने अगदी हळू, श्वासाच्या आवाजात फिरवली आहेत. नंतर १९७४ चा 'शी लव्ह्ज टू हिअर द म्युझिक' आणि १९७६ चा 'द डेव्हिल इज लूज'. या शेवटच्या अल्बममध्ये गायिकेइतकीच गीतकार आशाही दिसते. 'स्पेस टॉक' त्यातलंच. न्यूयॉर्कला डेव्हिड मॅनकुसोच्या 'द लॉफ्ट' मधल्या खाजगी पार्ट्यांत ते गाणं लाडकं झालं. बास गिटार गोल गोल फिरत राहते आणि वर तिचा आवाज धुरासारखा. वीस वर्षांनी निओ-सोलवाले जे करणार होते, ते मला इथे आधीच ऐकू येतं. त्यांनी हिला ऐकूनच केलं असा माझा दावा नाही. कान तिथे आधी पोचला होता, एवढंच.

मग अडलं कुठे? मला वाटतं, फळीवर. दुकानात हिला ठेवायचं कुठे? जॅझवाल्यांना ती डिस्को, डिस्कोवाल्यांना विचित्र, सोल म्हणजे कृष्णवर्णीयांचं अशी समजूत, आणि भारतीय म्हणावं तर राग नाही, भजन नाही. तिची बरीचशी कारकीर्द तर युरोपात घडली, इटलीत 'स्क्वाद्रा अँटिगँगस्टर्स' (१९७९) सिनेमात ती दिसते. आपल्याकडे तर प्रश्नच नाही. आपल्या संगीताच्या इतिहासात नाट्यसंगीत आहे, भावगीत आहे, सिनेमा आहे. इंग्रजीत गाणारी मुंबईची मुलगी यातल्या कुठल्या प्रकरणात बसवणार?

त्यात ऐंशीच्या दशकात मुलाला वाढवण्यासाठी ती गाण्यापासून बाजूला झाली. लोर्नाही अशीच दोन दशकांहून अधिक गप्प होती आणि १९९५ मध्ये परतली. तिची कारणं वेगळी होती, पण दोघी एकाच पिढीच्या, एकाच शहरातून सुरुवात केलेल्या. पुरुष गायकांच्या चरित्रांत अशी कोरी पानं मला क्वचितच सापडली आहेत.

तुकडा उचलण्याचंही जरा सांगतो. जुन्या गाण्याचा अंश नव्यात वापरला की हक्क दोन जागी असतात, एक रचनेचा आणि दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रण सहसा कंपनीच्या मालकीचं, गाणाऱ्याच्या वाट्याला जुन्या करारात लिहिलं असेल तेवढंच. जिने गाणं लिहिलंही आहे, तिचा पाय जरा घट्ट. गाणी लिहिणाऱ्या मुलींनी (आमच्या घरातही एक आहे, ती हे वाचेल) एवढं ध्यानात ठेवावं. नाव मात्र पाकिटावरच्या बारीक अक्षरांत जातं, आणि आता पाकीटही राहिलं नाही.

२००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात समरस्टेजला ती पुन्हा गायली. २०२२ साली 'मिस्टर बाँगो' या इंग्लंडच्या कंपनीने तिच्या निवडक गाण्यांची तबकडी काढली आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली.

ऐकायचं असेल तर 'स्पेस टॉक' ने सुरुवात करू नका, ते आवडणारच आहे. आधी कोलमनबरोबरचं 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' लावा, हेडफोनवर, लोकलमध्ये नको. मी एकदा भाईंदर ते दादर लावून पाहिलं होतं, मीरा रोडच्या आतच तिचा आवाज गर्दीत गेला. रात्री, घरातले झोपल्यावर ठीक.