रेल्वे आली आणि कामठीचा व्यापार नागपूरला गेला

रेल्वे आली की गावाची भरभराट होते, असा समज आहे. कामठीच्या बाबतीत उलटं घडलं.

इंग्रजांनी १८२१ मध्ये नागपूरपासून सुमारे १६ किलोमीटरवर, कन्हान नदीकाठी लष्करी छावणी वसवली. तीच कामठी. फौजेच्या गरजांमुळे छावणीला लागून बाजार वाढला आणि कामठी मोठी व्यापारी पेठ बनली.

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे छत्तीसगडकडे जाणारी मीटरगेज लाइन कामठीतून गेली. बंगाल-नागपूर रेल्वेने ती ब्रॉडगेज केली. १९०० मध्ये हावड्याशी थेट जोडणी झाली. पण माल उतरवण्याचं आणि चढवण्याचं मोठं ठिकाण ठरलं नागपूर. कामठीचा व्यापार तिकडे वळला, छावणीतली फौजही कमी झाली. त्यात १८९६ ते १९०० दरम्यान दोन मोठे दुष्काळ पडले. १८८१ मध्ये कामठीची लोकसंख्या सुमारे ५१ हजार होती. १९०१ च्या जनगणनेत ती ३८,८८८ भरली.

रेल्वेने आसपासची जंगलंही बदलली. रुळांखाली तेव्हा लाकडी स्लीपर असत आणि एका मैलाला साधारण दोन हजार लागत. मंडला-बालाघाटचा साल त्यासाठी उत्तम मानला जाई. १९०३ ते १९१३ दरम्यान गोंदिया-जबलपूर, नागपूर-छिंदवाडा अशा अडीच फुटी नॅरोगेज लाइन सातपुड्यात शिरल्या आणि दूरच्या जंगलातलं लाकूड बाहेर नेणं सोपं झालं. दुसरीकडे, १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात गावकऱ्यांच्या सरपणावर आणि चराईवर बंधनं आली होती.

याच जंगलातल्या तेंदूपानांवर कामठीत विडीचा धंदा उभा राहिला. विडी वळणाऱ्या कामगारांची ठेकेदारांकडून पिळवणूक होई. त्याविरुद्ध त्यांना संघटित केलं कामठीच्याच बाबू हरदास एल. एन. यांनी. त्यांचा जन्म १९०४ चा, वडील रेल्वेत कारकून. ते डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतले कार्यकर्ते होते आणि १९३७ मध्ये प्रांतिक विधानसभेवर निवडून आले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. १९३९ मध्ये, अवघ्या ३५ व्या वर्षी, क्षयरोगाने त्यांचं निधन झालं.