अक्षरांच्या आधीचा धडा

भिवंडीहून टिटवाळा फार लांब नाही. गणपतीच्या दर्शनास येथून आपण नेहमी जातो. त्याच टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली होती. उंबरगावच्या बाजूचे काही वारली तेथे आले होते. त्यांनी आपली दैना सांगितली आणि गोदावरीबाई परुळेकर व शामराव परुळेकर या पतिपत्नींच्या कार्याला नवे वळण लागले.

गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखले. कायद्याची पदवी घेतलेल्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसलेल्या. वारल्यांत येण्यापूर्वी, १९३८ च्या सुमारास, त्यांनी प्रौढ साक्षरतेची मोहीम चालविली होती. अक्षराचे मोल त्या जाणत होत्या. पण वारल्यांच्या पाड्यांवर पहिला धडा त्यांना अक्षरांचा देता आला नाही. का, ते पाहू.

तेथे वेठ होती. सावकाराने बोलाविले की वारल्याने हातचे काम टाकून फुकट राबावयाचे. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघे त्याच्या घरी बांधली जात. त्यास लग्नगडी म्हणत. ज्याचा दिवसच स्वतःचा नाही, त्याने शाळेत केव्हा बसावे?

२३ मे १९४५ रोजी झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करावयाची नाही, रोख बारा आणे रोजाखेरीज सावकाराच्या जमिनीवर राबावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार होऊन पाच माणसे पडली, तरी निश्चय ढळला नाही. निर्भयतेचा हा धडा पाटीपेन्सिलीवाचून गिरविला गेला. या लढ्यावरील आपल्या पुस्तकास गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे नाव दिले, ते उगीच नव्हे.

त्याच वर्षी, त्याच भागात बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला; अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. हे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. दोन्ही वाटा वेगळ्या. एकीने माणसाचा दिवस सोडविला, दुसरीने त्या दिवसात अक्षर आणले. एकीवाचून दुसरी अपुरीच राहिली असती, असे आम्हांस वाटते.

पुढे तलासरीस आदिवासी प्रगती मंडळाने शिक्षणाचे काम उभे केले. १९९६ मध्ये गोदावरीबाई निवर्तल्या. तेथील महाविद्यालयास आज त्यांचे नाव आहे. आपल्या भिवंडीतही मागांच्या खडखडाटात, हॉटेलांत आणि वीटभट्ट्यांवर एखादे मूल राबताना दिसले, तर शाळेत का जात नाहीस, असे त्यास विचारण्यापूर्वी त्याचा दिवस कोणाच्या हाती आहे, हे आपण विचारले पाहिजे.