तगरच्या गाड्या आणि परमुलखांतील बाजारभाव



धाराशिव जिल्ह्याचें नांव घेतलें म्हणजे आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें तुळजापूरची भवानी उभी राहते, आणि तिच्यामागोमाग अवर्षणानें तापलेलीं माळरानें. जगाच्या बाजारपेठेशीं या मुलखाचा संबंध तो काय असणार, असें आपल्याला वाटतें. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. या भागाचा माल दोन हजार वर्षांपूर्वींहि समुद्रापलीकडे जात होता. उणीव मालाची नव्हती, वाटेचीहि नव्हती. ती कशाची होती, हें आज पाहावयाचें आहे.

तेरणेच्या कांठचें तेर म्हणजेच प्राचीन तगर, हें फ्लीट या संशोधकानें १९०१ सालीं साधार मांडलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तमधील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानें हिंदी महासागरांतील बंदरांची माहिती लिहून ठेवली. तो ग्रंथ ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें नगर, असें तो सांगतो. तगरचें जाडेंभरडें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशांतून, भडोच बंदरीं येत असे. त्याच भडोच भागांतून गहू, तांदूळ, तूप, तिळाचें तेल आणि साखर हे जिन्नस आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्याकडे रवाना होत. उलट येणाऱ्या मालांत इटलीचें मद्य, तांबें, कथील, पोंवळीं आणि सोन्यारुप्याचीं नाणीं असत.

हा ग्रंथ लिहिला कशासाठीं? कोणत्या बंदरीं काय खपतें, कोठें कोणतें नाणें फायद्यांत पडतें, कोणत्या महिन्यांत जहाज हाकारावें, याची ती व्यापाऱ्याची चोपडी आहे. हिंदुस्थानचा माल रोममध्यें मूळ किंमतीच्या शंभरपट भावानें विकला जातो, अशी तक्रार त्याच शतकांत प्लिनीनें केली. त्यांत अतिशयोक्ति असेल. पण त्या शंभरांपैकीं तगरच्या कोष्ट्याच्या पदरीं किती पडले असतील, याचा अंदाज आपण करूं शकतों. रोमचा भाव त्याला कोण सांगणार? चोपडी त्याच्या हातीं नव्हती.

आतां एकदम एकोणिसाव्या शतकांत येऊं. त्या वेळीं हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. बालाघाटावरील कापूस व गळिताचीं धान्यें बैलगाड्यांनीं घाट उतरून इंग्रजी हद्दींतील बार्शीस येत आणि तेथून मुंबईस जात. हद्द ओलांडतांना शेंकडा ५ करोडगिरी द्यावी लागे. १८९७ मध्यें बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि १९११ मध्यें ती लातूरपर्यंत पोंचली. तिच्या वाटेवर तेरचेंहि स्टेशन होतें. महिन्याभराची वाट दोन दिवसांवर आली.

वाट आंखडली, पण अज्ञान आंखडलें नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत पश्चिम हिंदुस्थानांत कापसाचे भाव भडकले आणि युद्ध संपतांच कोसळले. युरोपांत रंगरोगणासाठीं हिंदी जवसाला मोठी मागणी असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अर्जेंटिनाचें जवस पुढें सरसावलें. १८७० मध्यें समुद्राखालील तार मुंबईस पोंचली होती, म्हणून लंडनचा भाव पेढीवर ताबडतोब कळे. गाडीवानाला तो बार्शीच्या आडत्याच्या तोंडून कळे, आणि तोहि आडत्याला सोईचा तेवढाच!

आजचें पीक सोयाबीन आहे. ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना हे तीन देश जगांतील बहुतेक सोयाबीन पिकवितात, आणि आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यामुळें कळंबच्या शेताचा भाव ब्राझीलच्या पावसावर हलतो. ऑगस्ट २०२१ मध्यें लातूर बाजारांत सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास होतें. कोंबड्यांच्या खाद्यासाठीं १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणण्यास त्याच महिन्यांत सरकारनें मुभा दिली. पुढें नव्या पिकाची आवक झाली, आणि शरदांत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. २०२४ मध्यें हमीभाव ४,८९२ रुपये असतां बाजार बराच काळ त्याच्या खालींच राहिला. त्या वर्षीं सप्टेंबरांत खाद्यतेलावरील आयातकर वाढविला गेला. मे २०२५ मध्यें कच्च्या तेलावरील कर पुन्हां उतरविण्यांत आला.

शहरांतील गृहिणीला तेल स्वस्त हवें, कोंबडीपालकाला पेंड स्वस्त हवी. या मागण्या गैर नाहींत. परंतु आयातीचें धोरण पेरणीपूर्वीं जाहीर झालें, तर शेतकरी सोयाबीन किती आणि तूर किती, याचा विचार तरी करूं शकेल. पीक उभें असतांना बदललेल्या धोरणापुढें तो तगरच्या कोष्ट्याइतकाच असहाय असतो. परमुलखांतील पेरा, पाऊस आणि सांठे यांची माहिती आज कोणापासून लपविलेली नाहीं. ती वेळेवर, सोप्या मराठींत गांवच्या चावडीपर्यंत पोंचविणें एवढेंच उरलें आहे. नभोवाणीला याहून चांगलें काम तें कोणतें?