दुष्फेन पाणी आणि गीझरची कॉइल

आठवी-नववीच्या विज्ञानात 'दुष्फेन' आणि 'सुफेन' असे दोन शब्द होते, आठवतात? फेन म्हणजे फेस. ज्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही ते दुष्फेन. इंग्रजीत याच पाण्याला 'हार्ड' म्हणतात. मला आपला शब्द जास्त आवडतो, कारण त्यात मोजायची पद्धतच सांगून टाकलीय.

ही पद्धत बसवली थॉमस क्लार्क नावाच्या स्कॉटिश माणसानं. हा अ‍ॅबरडीनच्या मारिशाल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक. ठराविक ताकदीचं साबणाचं द्रावण घ्यायचं, पाण्यात थोडं थोडं घालून बाटली हलवायची आणि फेस टिकेपर्यंत किती लागलं ते बघायचं. झालं माप! एका ब्रिटिश गॅलनमध्ये एक ग्रेन कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे एक डिग्री क्लार्क, लिटरला साधारण 14.3 मिलिग्रॅम. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा 200 मिलिग्रॅम आहे (दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या म्हणतात). म्हणजे क्लार्कच्या भाषेत 14 आणि 42 डिग्री.

1841 मध्ये क्लार्कनं पाणी मऊ करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. कृती काय, तर चुन्याच्या पाण्यात चुनाच घाला! विरघळलेला बायकार्बोनेट त्या चुन्याशी मिळून न विरघळणारा कार्बोनेट होतो आणि तळाशी बसतो. काट्यानं काटा काढणं यालाच म्हणत असावेत.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या भांडणाची. 1850 मध्ये तिथल्या जनरल बोर्ड ऑफ हेल्थनं शिफारस केली, की लंडननं थेम्स सोडून सरेच्या रेताड माळावरचं मऊ पाणी आणावं. कारणांमध्ये स्वच्छतेबरोबर साबणाची आणि चहाची बचतही होती. सरकारी अहवालात चहा! हा बेत बारगळला. 1852 च्या कायद्यानं थेम्सचंच पाणी, फक्त जरा वरच्या अंगाचं, घ्यायला लावलं. लंडनच्या किटल्यांना आजही पापुद्रे चढतात. ग्लासगोनं मात्र 1859 मध्ये लॉख कॅट्रिन तळ्यातलं मऊ पाणी आणलं. (त्याची वेगळी पंचाईत झाली: मऊ पाणी शिशाचे नळ विरघळवतं.)

सांगायचा मुद्दा हा, की तेव्हा पाण्याचा खर्च दर धुण्याला डोळ्यांसमोर दिसायचा. साबण झिजायचा, बादलीवर मळकट साय यायची. कुणालाही कळायचं, पाणी वाईट आहे.

मग डिटर्जंट आले. आपल्याकडे सर्फ 1959 मध्ये आलं. ही पावडर कॅल्शियमशी साबणासारखी साय धरत नाही, शिवाय सोडा किंवा फॉस्फेट कॅल्शियमला बाजूला काढतात. कपडे बऱ्यापैकी निघतात, फेसही येतो. प्रोग्रॅमर मंडळींना सांगायचं तर, कुणीतरी एक्सेप्शन पकडून गिळून टाकलं. लॉगमध्ये काही नाही, सगळं हिरवं. आणि बग तसाच आत.

तो निघतो गीझरमध्ये. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतो आणि कार्बोनेटचा थर बसतो, तोही नेमका सर्वात गरम जागी, म्हणजे कॉइलवर. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. पाणी उशिरा तापतं, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस जाते. माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांत तीन गेल्या. तिसऱ्या वेळी मेकॅनिकनं टाकी उपडी केली तर वाटीभर पांढरी खपली निघाली. तो म्हणाला, "साहेब, गीझर चांगलाय, टँकर बदला."

बरोबर होतं त्याचं. पुण्यात खडकवासल्याचं पाणी म्हणजे सह्याद्रीवरचा पाऊस, क्षार कमी. नव्या उपनगरांत पाइपलाइन पुरत नाही तिथं बोअर आणि टँकर, म्हणजे खडकात मुरून क्षार घेतलेलं पाणी. नळ एकसारखेच दिसतात, भाडंही एकसारखंच.

यावरचा उपाय चक्क खतातून आलाय. 1850 च्या सुमारास थॉम्पसन आणि वे या दोघा इंग्रजांना दिसलं, की मातीवर अमोनियाचं खत ओतलं तर माती अमोनिया ठेवून घेते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. पुढं बर्लिनच्या रॉबर्ट गान्सनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच अदलाबदल कृत्रिम झिओलाइटकडून करून घेतली. सोडियम द्या, कॅल्शियम घ्या. झिओलाइट भरला की मिठाच्या पाण्यानं धुवा, पुन्हा ताजा. 1935 मध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी त्यासाठी रेझिन बनवलं. डिशवॉशरच्या तळाशी आपण जे जाडं मीठ ओततो, ते यासाठी. भांडी खारट होत नाहीत, काळजी नको :)

असो. नवीन फ्लॅट बघायला जाताना पार्किंग विचारता तसं पाणी कुठून येतं तेही विचारा. सोबत दोन बाटल्या न्या, एकीत घरचं आरओचं पाणी, दुसरीत तिथल्या बाथरूमच्या नळाचं. दोन्हीत साध्या साबणाचा सारखाच किस घालून हलवा. शाम्पू नको, त्याचा फेस दोन्हीकडे येईल.