मुंबई–नागपूर प्रवास अंतर

मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी, तर नागपूर ही उपराजधानी आहे. राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूर येथे भरते. इतर प्रशासकीय कामांसाठी मात्र विदर्भातील नागरिकांना मुंबई गाठावी लागते. त्यामुळे या दोन शहरांमधील अंतरास विशेष महत्त्व आहे.

हवाई मार्ग: सरळ रेषेतील अंतर सुमारे ६८५ किलोमीटर असून थेट विमानप्रवासास साधारणतः दीड तास लागतो. विमानतळावरील तपासणीचा वेळ यात धरलेला नाही.

रस्ता मार्ग: नाशिक, धुळे, अकोला व अमरावतीमार्गे जाणारा जुना रस्ता ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचा असून त्यावरून सुमारे १६ तास लागत. ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गामुळे हा कालावधी सुमारे ८ तासांवर आला. दहा जिल्ह्यांतून जाणाऱ्या या महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. महामार्ग ठाणे जिल्ह्यातील आमणे येथे संपतो. तेथून मुंबई शहरात पोहोचण्याचा वेळ स्वतंत्रपणे धरावा लागतो.